गाडी गेली काय वं?

दिवाळी अंकात चकलीसारखे खुसखुशीत काहीतरी लिहावे असा रिवाज आहे. पण वाचकहो, यंदा माहेरची आठवण काढली की फराळाआधी एक प्रश्नच कानांत वाजतो.

"गाडी गेली काय वं?"

माझे वडील अकोल्याला भावाकडे असतात. हयात जिनिंगमध्ये दिवाणजी म्हणून गेली. आज सकाळचे जेवण त्यांना दुपारी आठवत नाही. दिवेलागण झाली की मात्र वहाणा घालून, पिशवी काखेत मारून ते दाराशी येतात. मूर्तिजापूरला जाऊन अंजनगावची गाडी धरायची असते. घरी आई जेवायची थांबलेली असते. पूर्वी दर शनिवारी ते असेच जात. आता आजीला जाऊन चाळीस वर्षे झाली, आणि मूर्तिजापूरहून अचलपूरला जाणारी आपली ती चिमुकली शकुंतला तरी कुठे धावते आहे?

मी अमरावतीची, सुटीला एस. टी.ने जाऊन उपदेश करून येणारी शहाणी लेक. एकदा हट्टाने सांगितले, "बाबा, आजी नाही आता. गाडीही बंद झाली." बाबा उंबऱ्यावरच बसले. "माय गेली? मले काहून नाही सांगतलं कोनी?" म्हणून हमसून रडले. पाव तासाने सारे विसरले आणि पुन्हा पिशवी उचलली. माझे खरे बोलणे कोणाच्या उपयोगी पडले?

वहिनी नुसते म्हणाली, "गाडी लेट हाये बाबा. चा घ्या, मंग जाऊ." मग वाती वळायला कापूस पुढे ठेवला. बाबांनी चिमटीत धरून तो ओढून पाहिला, "धागा आखूड आहे" असा निकाल दिला, आणि गाडी राहिली बाजूला.

आपल्याकडे याला म्हातारचळ म्हणून सोडून देतात. पण हा मेंदूचा आजार आहे. याच्या सर्वांत मोठ्या प्रकाराचे वर्णन आलॉइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी १९०६ सालीच केले. आधी कालचे पुसले जाते. लहानपणचे पुष्कळ दिवस टिकते. संध्याकाळी घालमेल वाढते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजाप्रमाणे भारतात साठीपुढचे सुमारे ८८ लाख लोक अशा विस्मरणाच्या आजाराने ग्रस्त आहेत. हा आजार बरा करणारे औषध नाही, तरी डॉक्टरांना दाखवावेच. थायरॉईडची तक्रार किंवा बी-१२ जीवनसत्त्वाची उणीवही असेच सोंग घेते, आणि तिच्यावर इलाज आहे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु' पाहिलात? त्यात हत्तीमागे चालत हरवलेल्या म्हाताऱ्या पंडिताला माहुताची बायको लेकरासारखे सांभाळते. मला तिच्यात वहिनीच दिसली.

आणि तिथेच मी चुकले. वहिनीचे कौतुक मी गावभर करीत होते. त्याला पैसा लागत नाही. ती दोन वर्षांत कारंज्याला माहेरी गेलेली नाही, हे मला ठाऊकच नव्हते. गेल्या श्रावणात भांडी घासता घासता ती म्हणाली, "ताई, मला एक रात्र सलग झोपायचं आहे." आवाजात तक्रारही नव्हती. मला मान वर करवेना.

आता रात्रीचे उठणे भावाकडे आहे. तो प्रथम कुरकुरला, पण करतो. बाबांच्या सदऱ्याच्या खिशात नाव, पत्ता आणि फोन लिहिलेली चिठ्ठी असते. शनिवार-रविवार माझे. पहिल्या रविवारी वहिनी दहा वाजता उठली आणि उशीर झाला म्हणून ओशाळली! दिवाळीनंतर आठ दिवस ती कारंज्याला जायची आहे. पिशवी आत्ताच भरून ठेवली आहे.

परवा संध्याकाळी मी वाती वळत बसले होते. बाबा दाराशी आले. माझ्याकडे निरखून पाहिले. ओळख पटली नाही.

"गाडी गेली काय वं बाई?"

"यायची आहे. मीही अंजनगावलाच निघाले आहे."

"असं?" ते शेजारी टेकले. "सरका मंग जरा. तिकीट काहाडलं ना?"