जुन्या दिव्याला नवे कापड

बडोद्यातल्या जुन्या मराठी घरांच्या माळ्यावर काय सापडेल याचा नेम नाही. पाय गेलेले देव्हारे, काच तडकलेल्या हंड्या, आणि तारेच्या सांगाड्यावर लोंबणाऱ्या रेशमी चिंध्या; म्हणजे एके काळच्या विजेच्या दिव्यांच्या छत्र्या. त्या टाकवत नाहीत आणि लावताही येत नाहीत. दिवाळीच्या साफसफाईत खाली उतरतात, धूळ झटकून घेतात आणि ‘बघू पुढे’ म्हणून पुन्हा वर जातात. या ‘बघू पुढे’विषयीच आज थोडे लिहावयाचे आहे.

माझे वडील दरबारच्या कलावंतांत अगदी शेवटी शेवटी लागलेले सारंगीवादक. १९४९ साली संस्थान विलीन झाले तेव्हा ते पुरते विशीचेही नव्हते. मी त्यांच्या उतारवयातला मुलगा. आमच्या बैठकीत एक उभा लाकडी दिवा आहे. त्यावर घंटेच्या आकाराची रेशमी छत्री होती. दरबारी कलावंताच्या घरातला दिवा, तेव्हा तो राजवाड्यातूनच मिळालेला असणार, अशी येणाऱ्याजाणाऱ्याची समजूत. बाबा हसून सांगत, ‘अहो, जुन्या सामानाच्या लिलावात बारा रुपयांना घेतला आहे!’ ती किंमत सांगताना त्यांना कधी संकोच वाटला नाही.

बाबांच्या मागे त्या छत्रीचे रेशीम गेले. साठ वॅटच्या गोळ्याने ते करपून आधी तपकिरी झाले आणि मग हात लावताच फाटू लागले. एका दुकानदाराने नव्या छत्रीचे अठराशे रुपये सांगितले, तीही आमच्या आकाराची नव्हेच. संगीतशिक्षकाने अठराशे रुपयांत काय काय भागवायचे असते, हे ज्याचे त्याने जाणावे. छत्री माळ्यावर गेली.

ती खाली आली ती पांडेसऱ्यामुळे. महिन्यातले दोन रविवार मी सुरतेजवळच्या या वस्तीत एका भजनी मंडळाला पेटी शिकवायला जातो. मुंबईला जाताना सुरत मागे पडली की उधना लागते. आपण खिडकीतून पाहतो आणि पुढे जातो. त्याच उधन्याहून नंदुरबार-अमळनेरवरून जळगावला जाणारा फाटा फुटतो, आणि त्या वाटेने आलेली कितीतरी खानदेशी माणसे उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत राहतात. पांडेसऱ्याच्या गिरण्यांत मागावरून आलेले कोरे कापड रंगते, छापले जाते, आणि त्याचे तुकडे वजनावर विकले जातात.

मंडळातल्या एका गिरणीकामगाराची पत्नी घरी बसून साड्यांना लेस लावण्याचे काम करते. मी सहज छत्रीची गोष्ट काढली. पुढच्या रविवारी ती घेऊन गेलो. तिने सांगाडा हातात धरून फिरवून पाहिला आणि म्हणाली, ‘गुरुजी, सांगाडा धड आहे. नुसतं कापडच म्हातारं झालंय.’

काम कसे केले ते सांगतो, म्हणजे कोणाला घरी करावेसे वाटेल. जुने कापड उसवून जपून ठेवले. त्यावरूनच कागदाचा बेत कापला. तारांचा गंज काचकागदाने घासून त्यांना पांढरा रंग दिला. रंग वाळल्यावर प्रत्येक तारेला सुती पट्टी घट्ट गुंडाळली, कारण टाका घालायला सुईला काहीतरी धरायला हवे. नुसत्या तारेला कापड शिवता येत नाही. कापड उरेब कापले. उरेब कापड ताणले जाते आणि घंटेच्या बाकावर सुरकुती न पडता बसते. आतून पांढरे अस्तर, म्हणजे उजेड वाया जात नाही. वरचे कापड फिकट केशरी. गडद लाल घेतले असते तर त्याने निम्मा प्रकाश गिळला असता. शेवटी कडेला लेस, म्हणजे टाके झाकले.

दोन गोष्टी मात्र चुकवू नयेत. सुरतेचे कृत्रिम धाग्याचे कापड उष्णतेने वितळते. तेव्हा आत जुना गोळा न लावता नऊ वॅटचा एलईडी लावावा. तो जवळजवळ तितकाच उजेड देतो, तापतो मात्र फार कमी. तरीही कापड त्याला टेकू देऊ नये. आणि जुनी वायर विजेच्या माणसाकडून बदलून घ्यावी. तिथे काटकसर नको.

सामानाचा खर्च दोनशे दहा रुपये झाला. मजुरी विचारली तर ती म्हणाली, ‘द्या पन्नास.’ दोन दुपारचे काम होते. माझ्या मनात क्षणभर आले, स्वस्तात झाले! आणि लगेच लाज वाटली. शिकवणीच्या एका तासाचे मी किती घेतो ते मला ठाऊक होते. मी तिला पाचशे दिले. काटकसर आपल्या खिशातून करावी, दुसऱ्याच्या मजुरीतून नव्हे.

पण माझी खरी लाज पुढेच आहे. दिवा पुन्हा लागला, आणि त्याच आठवड्यात आपल्यातल्याच एका जुन्या घराण्यातल्या बाई आमच्याकडे आल्या. ‘किती सुरेख! कुठून करून आणली?’ मी म्हणालो, ‘मुंबईहून.’ पांडेसरा म्हणायला जीभ वळली नाही. बारा रुपयांचा लिलाव मोकळेपणी सांगणाऱ्या माणसाचा मुलगा मी!

वाचकहो, हा दोष माझ्या एकट्याचा नाही, असे मला वाटते. डागडुजी आपण करतो, पण ती लपवतो. जुने ते सारे राजवाड्याचे आणि नवे ते सारे मुंबईचे, असे सांगण्याची आपल्याला सवय लागली आहे. खरे पाहता याच बडोद्यात १८९० साली कलाभवन निघाले, तिथे कापड रंगवण्याची विद्या शिकवली गेली, आणि ते उभारणारे त्रिभुवनदास गज्जर हे सुरतेचेच. रंगाऱ्याच्या हाताला सयाजीराव महाराजांनी मान दिला; त्यांचे नाव सांगणाऱ्या आपण त्याच हातांचे गाव तोंडाने उच्चारू नये?

माळ्यावरच्या छत्र्या या दिवाळीआधी खाली काढा. ज्यांचा सांगाडा धड आहे त्यांना कापड चढवा. आणि कोणी विचारले तर करणारीचे गाव आणि दिलेली मजुरी, दोन्ही सांगा. त्या बाईंना मी कालच फोन करून सांगितले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, ‘आमच्याकडे तशा तीन आहेत. पांडेसऱ्याला पुन्हा कधी जाणार?’