बेघराची फाइल कोणत्या भाषेत?

बेघरांविषयी आपल्याकडे बोललं जातं ते खाटांच्या हिशेबात. 28 फेब्रुवारी 2011 च्या रात्री जनगणनेच्या प्रगणकांनी फुटपाथ, फलाट, उड्डाणपुलाखालच्या जागा आणि देवळांचे ओटे पालथे घातले, तेव्हा देशात सुमारे 17 लाख 70 हजार माणसं छपराविना सापडली. महाराष्ट्रात ती 2 लाख 10 हजारांच्या घरात होती, मुंबईत 57 हजारांच्या वर. दर लाख शहरी लोकसंख्येमागे एक निवारा हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली बजावलं आणि 2013 मध्ये केंद्राच्या शहरी उपजीविका अभियानात निवाऱ्यांची स्वतंत्र योजना आली. त्या मापाने मुंबईत सव्वाशेच्या आसपास निवारे हवेत. शहर त्या आकड्याच्या जवळपासही पोहोचलेलं नाही, तेव्हा खाटांची मागणी रास्तच आहे. पण निवारा म्हणजे नुसती झोपायची जागा नव्हे, हे त्या योजनेतच म्हटलं होतं. ओळखपत्र, रेशन, पेन्शन, औषधोपचार, रोजगार यांच्याशी माणसाला तिथूनच जोडून द्यायचं होतं. हे काम सुरू होतं ते एका संभाषणाने. ते संभाषण समोरच्या माणसाच्या भाषेत करू शकणारा कार्यकर्ता पगारावर असणं ही निवाऱ्याची मूलभूत गरज आहे, पाणी आणि संडासाइतकीच, आणि निवाऱ्यांच्या खर्चात तिला स्वतःचं खातं असायला हवं, असं माझं म्हणणं आहे.

बेघर माणसाजवळ कागद नसतो. असला तर भिजलेला, फाटलेला, नाहीतर मालसामान उचलणाऱ्या पालिकेच्या गाडीत गेलेला. तो स्वतःबद्दल जे सांगेल तेवढाच त्याचा पुरावा. मग ते ऐकणाऱ्याला कळतं की नाही, यावर पुढचं सगळं अवलंबून. आपल्या अर्जात गाव, तालुका, जिल्हा असे रकाने असतात. बिहारमधल्या माणसाच्या बोलण्यात तालुका नसतो, तिथे थाना, प्रखंड आणि अंचल असतं; तेलुगू मुलखातला माणूस मंडल सांगेल. रामपूर नावाची गावं तर उत्तरेत किती असतील कोण जाणे. मुलूख आणि बोली ठाऊक असलेला कार्यकर्ता तालुका विचारत बसत नाही. जवळचा बाजार कुठला, नदी कुठली, जत्रा कुठल्या देवाची, रेल्वेसाठी कुठे जायचं, असं विचारत तो चार प्रश्नांत जिल्ह्यापर्यंत पोहोचू शकतो. हे न जमणारा प्रामाणिक कर्मचारीही शेवटी ‘माहिती देत नाही’ असा शेरा मारून मोकळा होतो. हा शेरा पुढे फाइलबरोबर फिरतो आणि मनोरुग्णालयात पोहोचेपर्यंत त्याचं ‘असंबद्ध बोलतो’ होऊ शकतं. मनोविकाराच्या निदानात डॉक्टरांसमोर मुख्य साधन रुग्णाचं बोलणं हेच असतं. ते बोलणंच कळलं नाही, तर भाषेची अडचण कुठे संपली आणि आजार कुठे सुरू झाला, हे कुणी ठरवायचं?

कायदा या बाबतीत आपल्या व्यवहाराच्या बराच पुढे आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम 100 नुसार भटकणाऱ्या मनोरुग्णाला पोलिसांनी संरक्षणात घ्यायचं, 24 तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचं, कोठडीत ठेवायचं नाही आणि तो बेघर असेल तर त्याच्या कुटुंबाचा शोधही घ्यायचा. उपचारांचा निर्णय स्वतः घेण्याची क्षमता कलम 4 मध्ये सांगितली आहे आणि त्यासाठीची माहिती रुग्णाला समजेल अशा सोप्या भाषेत द्यावी, असं तिथेच म्हटलं आहे. फक्त ही भाषा बोलणार कोण आणि त्याचा पगार कोण देणार, एवढंच कुठे लिहिलेलं दिसत नाही. हे काम होण्यासारखं आहे याचा पुरावा मात्र महाराष्ट्रातच आहे. कर्जतच्या श्रद्धा पुनर्वसन केंद्रात रस्त्यावरच्या मनोरुग्णांवर उपचार होतात आणि बऱ्या झालेल्या माणसाला कार्यकर्ते थेट त्याच्या राज्यातल्या गावी घरापर्यंत पोहोचवतात. केंद्राचे संस्थापक डॉ. भरत वाटवानी यांना 2018 चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो याच कामासाठी. गावाचं नाव कळणं आणि ते नकाशावर सापडणं ही या प्रवासाची पहिली पायरी, आणि ती भाषेशिवाय चढता येत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: हिंदी सगळ्यांना येते. जनगणनेतली ‘हिंदी’ ही पन्नासाहून अधिक मातृभाषांची बेरीज आहे. 2011 च्या मोजणीत तिच्या पोटात एकट्या भोजपुरीचे 5 कोटी आणि छत्तीसगढीचे दीड कोटीहून अधिक बोलणारे आहेत. बाजारात, रिक्षात चालणारी हिंदी यांच्यातल्या अनेकांना येते, हे खरंच. पण नवरा गेल्यावर दिरांनी जमीन कशी घेतली किंवा रात्री कसले आवाज ऐकू येतात, हे सांगायला ती पुरत नाही. दुसरा आक्षेप अधिक तिखट आहे: महाराष्ट्रात राहायचं तर मराठी शिका, सरकारने परभाषकांचे लाड का करावेत? यात एक गृहीतक दडलेलं आहे, की मराठी न येणारा बेघर बाहेरूनच आलेला असणार. मेळघाटातला कोरकू, गडचिरोलीतला गोंड, सातपुड्यातला भिल्ल, तांड्यावर गोरमाटी बोलणारा बंजारा आणि मुंबईच्या फुटपाथवर पिढ्या काढलेली पारधी कुटुंबं ही याच राज्याची माणसं आहेत आणि घरात त्यांची बोली वेगळी आहे. बाहेरून आलेल्याने मराठी शिकावी, यात मात्र वादच नाही. केरळच्या साक्षरता अभियानाने 2017 मध्ये पेरुंबावूरला स्थलांतरित मजुरांना मल्याळम शिकवणारा ‘चंगाती’ कार्यक्रम सुरू केला, तसं आपल्याकडेही जरूर व्हावं. पण वर्गात येऊन बसण्याआधी माणसाला ताप उतरलेला हवा, पोटात अन्न हवं आणि उद्या इथून हाकलणार नाहीत याची खात्री हवी. दोन भाषा येणारा कार्यकर्ता हाच त्याला मराठीपर्यंत आणणारा माणूस आहे.

मोबाइल भाषांतर करतो की, असंही आता ऐकू येतं. जेवणाची वेळ सांगायला तो जरूर वापरावा. कोरकू किंवा गोरमाटीपुढे तो बहुधा गप्प होतो, आणि पाळतीच्या संशयाने पछाडलेल्या माणसासमोर बोलणारं यंत्र धरणं हे उपचाराच्या उलट दिशेचं पाऊल आहे. राहता राहिला सर्वांत सोपा आणि सर्वाधिक वापरला जाणारा उपाय: निवाऱ्यातल्याच एखाद्या रहिवाशाला दुभाषा करणं. 2003 साली ‘पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात अमेरिकेतल्या स्पॅनिश भाषक रुग्णांच्या तपासण्यांचा एक अभ्यास आला होता. तपासण्या मोजक्याच, पण दर तपासणीत सरासरी 31 चुका आढळल्या. आणि उपचारांवर परिणाम होऊ शकेल अशा चुकांचं प्रमाण रुग्णालयाच्या दुभाष्यांमध्ये 53 टक्के, तर ऐनवेळी पकडून आणलेल्यांमध्ये 77 टक्के होतं. म्हणजे नेमलेले दुभाषेही चुकतात, हे कबूल करायला हवं. फरक किती पडतो तेही त्याच आकड्यांत आहे.

मला खरोखर विचार करायला लावणारा आक्षेप वेगळाच आहे. आपल्या भाषेचा माणूस पुष्कळदा आपल्याच जातीपातीचा, नात्यागोत्याचा, गावाकडे फोन करू शकणारा असतो. मारहाणीतून किंवा जबरदस्तीच्या लग्नातून पळालेल्या बाईला नेमकी हीच ओळख नको असते. तिच्यासाठी अनोळखी भाषेतलं शहर हाच आडोसा असतो. त्यामुळे भाषा जुळली की काम झालं, असं मानणं घातक आहे. कार्यकर्ता कोण असावा हे सांगण्याची मुभा रहिवाशाला हवी, संमतीशिवाय घरच्यांना कळवायचं नाही हा नियम लेखी हवा, आणि मोडल्यास नोकरी जाईल इतका कडक हवा. जिथे कायदाच कुटुंबाचा शोध घ्यायला सांगतो, तिथेही पत्ता कुणाला द्यायचा हे आधी त्या व्यक्तीला विचारलं जावं. पगारी, प्रशिक्षित, जबाबदारी निश्चित केलेला कार्यकर्ता हवा तो याचसाठी. हौशी मदतनीसाला गोपनीयता मोडल्याचा जाब कोण विचारणार?

खर्चाचं काय? प्रत्येक निवाऱ्यात दहा भाषांची दहा माणसं ठेवा, असं कुणीही म्हणत नाही. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी ही चार प्रादेशिक मनोरुग्णालयं, महापालिकांचे निवारे आणि सरकारी रुग्णालयांतले समाजसेवा अधीक्षक यांच्याकडे आज कुणाला कोणती बोली येते, याची साधी यादी करायलाही पैसे लागत नाहीत. त्या यादीतल्यांना भाषा भत्ता द्यावा आणि गरजेनुसार एका संस्थेतून दुसरीकडे बोलवावं. फाइल दोन भाषांत ठेवावी: माणसाचं म्हणणं त्याच्या शब्दांत, देवनागरीत उतरवून, आणि शेजारी मराठीत. म्हणजे कर्मचारी बदलला तरी मूळ गावाचं नाव कुणाच्या तरी अंदाजात हरवणार नाही. आज एखादा माणूस पत्ता न कळल्याने वॉर्डातली खाट अडवून पडून राहतो, त्याचा खर्च कुठल्याच अंदाजपत्रकात भाषेच्या नावावर दिसत नाही, म्हणून आपण तो शून्य धरतो. आणि ही देवाणघेवाण एकतर्फी राहण्याचं कारण नाही. चेन्नईच्या किंवा कोलकात्याच्या निवाऱ्यात मराठीखेरीज काहीच न बोलणारी एखादी बाई आली, तर तिथल्या कार्यकर्त्याने फोन कुठे लावायचा? असा एक क्रमांक महाराष्ट्राच्या सामाजिक न्याय विभागाने आधी सुरू करावा आणि मग तामिळनाडू, बंगाल, बिहारकडे तसाच मागावा.