पैसे भरूनही चोर ठरणारा ग्राहक

शाबान महिना लागला की सोलापुरातल्या डीटीपीवाल्यांना जेवायला फुरसत मिळत नाही. विजापूर वेस असो की बेगम पेठ, प्रत्येक दुकानात एकच घाई. सहेरी-इफ्तारच्या वेळापत्रकाची कार्डे, मदरशांची पावतीपुस्तके, मशिदींची आवाहने आणि त्यातच रमजानआधी उरकायच्या लग्नांच्या पत्रिका. एकाच पत्रिकेत उर्दू, मराठी आणि इंग्रजी अशी तिन्ही लिपी.

अशा ऐन हंगामात आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या दुकानातला कॉम्प्युटर बंद पडला. वीज कमीजास्त झाली आणि मदरबोर्ड गेला. नवा बोर्ड बसवला, विंडोज टाकले, मग डिझाईनचे सॉफ्टवेअर टाकले. ते त्याने दोन वर्षांपूर्वी पक्क्या बिलावर विकत घेतले होते. बिलासोबत मिळालेली की टाकली, तर पडद्यावर उत्तर आले की या कीची मर्यादा संपली आहे.

या कीवर दोनदाच ॲक्टिव्हेशन करता येत होते. पहिले खरेदीच्या दिवशी झाले, दुसरे मागच्या वर्षी हार्ड डिस्क गेली तेव्हा. म्हणजे दुकान एक, कॉम्प्युटर एक, मालक एक. पण कंपनीच्या हिशेबी तो आता तिसरा ग्राहक झाला होता! हेल्पलाईनवर सांगितले, जुन्या मशीनवरून आधी डीॲक्टिव्हेट करा. जे मशीन सुरूच होत नाही त्यावरून काय डीॲक्टिव्हेट करणार? मग बिलाचा फोटो ईमेलने मागवला. मध्ये शनिवार-रविवार आला. पाचव्या दिवशी 'या वेळेपुरती सवलत' म्हणून की पुन्हा चालू करून दिली. तोवर दोन पत्रिकांची कामे शेजारच्या दुकानात गेली होती.

दुसऱ्याच दिवशी त्याला एका पोराने सांगितले होते, "भाईजान, दोनशे रुपये द्या, क्रॅक टाकून देतो. आयुष्यात परत की विचारणार नाही." त्याने ते केले नाही. पण रात्री आम्हाला फोन करून विचारले, "सर, मी तर पैसे भरलेत. मग क्रॅक टाकला तर गुनाह होतो का? बाजूवाल्याने कधीच पैसे भरले नाहीत, त्याचं काम एक दिवस थांबलं नाही."

त्याच्या या प्रश्नाला नुसते 'हो' किंवा 'नाही' म्हणून भागत नाही. म्हणून हा लेख.

कुलूप कुणाच्या हातात?

आधी हे ॲक्टिव्हेशन चालते कसे ते पाहू. सॉफ्टवेअर आपल्या कॉम्प्युटरचा मदरबोर्ड, हार्ड डिस्क, नेटवर्क कार्ड यांचे क्रमांक वाचून त्या मशीनची एक ओळख तयार करते आणि ती इंटरनेटवरून कंपनीकडे पाठवते. कंपनीच्या वहीत त्या कीपुढे एक खूण पडते. मोठा सुटा भाग बदलला की ओळख बदलते आणि दुसरी खूण पडते. खुणा भरल्या की दार बंद. मशीन चोरीला गेले, जळाले की विकले, हे त्या वहीला कळत नाही.

नव्वदच्या दशकात देशी भाषांच्या बऱ्याच डीटीपी सॉफ्टवेअरसोबत डोंगल मिळायचे. प्रिंटरच्या पोर्टला लावायची ती एक छोटी डबी. ती हरवली तर पंचाईत व्हायची, हे खरे. पण मशीन बिघडले तर डबी काढून दुसऱ्या मशीनला लावता येत होती. कुलूप कंपनीचे असले तरी चावी ग्राहकाच्या खिशात होती. २००१ साली विंडोज एक्सपीसोबत ॲक्टिव्हेशन घरोघरी पोहोचले, आणि हळूहळू चावी कंपनीच्या सर्व्हरवर गेली.

आणि कंपनीने तो सर्व्हरच बंद केला तर? असे घडलेले आहे. अडोबीने आपल्या सीएस-२ या जुन्या आवृत्तीचा ॲक्टिव्हेशन सर्व्हर २०१२च्या अखेरीस बंद केला. त्यामुळे पैसे भरलेल्या ग्राहकांना ते सॉफ्टवेअर नव्याने टाकता येईना. शेवटी कंपनीला त्यांच्यासाठी ॲक्टिव्हेशन न लागणारी प्रत द्यावी लागली. प्रत्येक कंपनी एवढे करीलच, याची हमी कोण देणार?

सध्या हा प्रश्न जास्त बोचतो, त्याचेही कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. ऑफिस २०१६ आणि २०१९चाही त्याच दिवशी थांबवला. अनेक जुन्या मशीनवर विंडोज ११ चालत नाही, म्हणून शाळा, दुकाने, ट्रस्टची कार्यालये मशीन बदलत आहेत. मशीन बदलले की त्यातल्या प्रत्येक विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरचे ॲक्टिव्हेशन नव्याने आले. मशीनसोबत आलेले ओईएम विंडोज तर त्या मशीनपुरतेच असते, नव्या मशीनवर नेता येत नाही. हे विकताना किती दुकानदार सांगतात?

कंपन्यांची बाजू

इन्साफाने बोलायचे तर कंपन्यांचेही म्हणणे ऐकले पाहिजे. एक सीडी आणायची आणि पन्नास मशीनवर टाकायची, हे आपल्याच बाजारात वर्षानुवर्षे चालले. त्यात 'आपले' आणि 'परके' असे काही नव्हते, सगळेच सामील होते. उर्दू-मराठीची सॉफ्टवेअरे बनवणाऱ्यांचे ग्राहक आधीच थोडे, त्यातही चोरी झाली तर त्यांनी खायचे काय? मर्यादा घालण्याचा त्यांना हक्क आहे.

आमची तक्रार मर्यादेच्या पद्धतीबद्दल आहे. क्रॅक वापरणाऱ्याला ही मर्यादा कधी आडवी येतच नाही. तिची झळ बसते ती फक्त पैसे भरणाऱ्याला. आणि चांगली पद्धत जमत नाही असेही नाही. आपल्याकडच्या व्यापाऱ्यांना माहीत असलेल्या टॅलीमध्ये लायसन्स सरेंडर करून दुसऱ्या मशीनवर नेण्याची सोय आहे. काही कंपन्या ग्राहकाच्या खात्यातून जुने मशीन काढून टाकू देतात. ते मशीन सुरू असण्याची गरज पडत नाही. म्हणजे अडचण तंत्राची कमी आणि नियतीची जास्त आहे.

शरियत आणि कायदा

इस्लामी फिक्ह अकादमीने डिसेंबर १९८८च्या कुवेत अधिवेशनात ठराव केला की लेखन आणि संशोधनाचे हक्क शरियतच्या दृष्टीने संरक्षित आहेत, त्यांच्यावर अतिक्रमण जायज नाही. तेव्हा 'सॉफ्टवेअर काय, हवेतली चीज' म्हणून हात झटकता येणार नाहीत. पण तीच शरियत विक्रेत्यालाही बांधते. मालातला ऐब लपवून विकणे नाजायज आहे, आणि लपलेला ऐब सापडला तर माल परत करण्याचा खरेदीदाराला हक्क आहे. फिक्हमध्ये याला खियार-ए-ऐब म्हणतात. 'दोनदाच चालेल' ही अट बिलावर नाही, डब्यावर नाही, फक्त कुणी न वाचणाऱ्या लांबलचक करारात दडलेली असेल, तर ते ऐब लपवण्यापासून किती दूर आहे? उलेमांनी यावर बोलावे अशी आमची विनंती आहे.

देशाचा कायदाही दोन्ही बाजूंनी बोलतो. बेकायदा प्रत माहीत असूनही कॉम्प्युटरवर वापरली तर कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३-ब खाली सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. व्यवसायासाठी वापर नसेल तर न्यायालय नरमाई दाखवू शकते, पण दुकानदाराला ती पळवाट नाही. दुसरीकडे, सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये टाटा कन्सल्टन्सीच्या खटल्यात तयार विकले जाणारे सॉफ्टवेअर हा 'माल'च आहे असे ठरवले. तो खटला विक्रीकराचा होता. पण कर घेताना माल आणि तक्रार आली की नुसती परवानगी, हे ग्राहकाला कसे पटावे?

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ इथे कामाला येतो. व्यापारी कारणाने घेतलेल्या वस्तूला तो लागू होत नाही असे सांगून अनेकांना परतवले जाते. पण स्वतःच्या रोजगारासाठी, पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू त्यात बसते. एकट्याने डीटीपी चालवणारा माणूस ग्राहकच आहे. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवता येते. तेवढ्याने भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी तिथे फी लागत नाही.

बाहेरच्या देशांतही हाच वाद आहे. कॅलिफोर्नियात जानेवारी २०२५ पासून डिजिटल वस्तू 'विकत घ्या' असे म्हणून विकायची असेल तर ही मालकी नसून परवाना आहे, असे ग्राहकाला स्पष्ट सांगावे लागते. आपल्याकडेही एवढी मागणी करणे जास्त नाही.

आपण काय करावे?

खरेदीआधी तीन गोष्टी विचारा: किती मशीनवर चालेल, मशीन जळाले तर लायसन्स कसे हलवायचे, आणि मुदत किती. उत्तर बिलावर लिहून घ्या. नोंदणी दुकानदाराच्या नव्हे, स्वतःच्या ईमेलवर करा. मशीन फॉरमॅट करण्याआधी किंवा विकण्याआधी डीॲक्टिव्हेट करा. बिल आणि की कागदावर जपून ठेवा.

जिथे जमेल तिथे मोफत आणि कायदेशीर पर्याय घ्या. शाळेच्या प्रश्नपत्रिकांना, ट्रस्टच्या पत्रव्यवहाराला लिब्रेऑफिस पुरते. उर्दूसाठी गूगलचा नोटो नस्तालिक हा फॉन्ट मोफत आहे. युनिकोडमध्ये टाईप केलेला मजकूर कुठल्याही मशीनवर उघडतो, त्याला कुणाच्या कीची गरज नाही.

आता त्या विद्यार्थ्याचा प्रश्न. आम्ही त्याला सांगितले की बेटा, कंपनी चुकली म्हणून आपली चूक हलाल होत नाही. क्रॅकच्या फाईलमधून व्हायरस येतो, पासवर्ड जातात, ते वेगळेच. पण सब्र म्हणजे गप्प बसणे नव्हे. पाच दिवसांचे नुकसान कागदावर लिही, बिल जोड आणि तक्रार कर.

त्याने तक्रार नोंदवली आहे. निकाल काय लागायचा तो लागेल. पण प्रामाणिक माणूस बाजारात मूर्ख ठरू लागला, तर आम्ही वर्गात इमानदारीचा धडा कोणत्या तोंडाने शिकवायचा? पैसे घेणाऱ्यांनी आणि आपण सर्वांनीच याचे उत्तर द्यायला हवे.