संप मिटला, वर्ग जुळला काय?

आंदोलन म्हणजे काय, हे चांदवडला कुणी शिकवायला नको. 1986 साली शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन याच गावी भरले होते. तेव्हा हक्कासाठी काम थांबवणाऱ्यांना नावे ठेवण्याचा माझा मुळीच हेतू नाही. मला लिहायचे आहे ते संप मिटल्यानंतरच्या दिवसांविषयी.

कोरोनामुळे बंद असलेली महाविद्यालये 20 ऑक्टोबर 2021 पासून उघडू लागली. आम्ही वह्या झटकतो न झटकतो तोच नोव्हेंबरात एसटीचा संप राज्यभर पसरला. राज्य शासनात विलीनीकरण ही कर्मचाऱ्यांची मुख्य मागणी होती. तिच्यामागे तुटपुंजा आणि वेळेवर न होणारा पगार होता. मुंबई उच्च न्यायालयाने कामावर परतण्यासाठी दिलेली मुदत 22 एप्रिल 2022 रोजी संपली, तोवर साडेपाच महिने उलटले होते. मधल्या काळात, जानेवारीत तिसऱ्या लाटेमुळे वर्ग पुन्हा बंद झाले आणि फेब्रुवारीत उघडले. वर्ग उघडले, पण गाड्या आगारातच उभ्या होत्या.

प्राध्यापकांचा संप आणि एसटीचा संप यांत एक मोठा फरक आहे. 2013 मध्ये प्राध्यापकांनी फेब्रुवारी ते मे परीक्षांच्या कामावर बहिष्कार टाकला, तेव्हा सगळेच विद्यार्थी सारखे अडकले. एसटीच्या संपाने मात्र एकाच वर्गाचे दोन वर्ग केले. गावात राहणारे आणि मोटारसायकलवाले तासाला बसले. धोडंबे, दुगाव, काजीसांगवीकडचे पासवाले घरी राहिले. चांदवडला रेल्वे नाही. पासावर भाड्याच्या तिसऱ्या हिश्श्यात होणारा प्रवास काळीपिवळीने रोज कसा परवडावा? त्यातही मुलींचे हाल अधिक. अहिल्यादेवींच्या नावाचा मोफत पास बारावीला संपतो, आणि भरलेल्या जीपमध्ये मुलीला एकटी पाठवायला घरचे धजत नाहीत. कांदा काढणीला हात हवेच होते. माझ्या वर्गातल्या काही मुली त्यानंतर पुन्हा दिसल्या नाहीत. आणि हेही विसरू नये, की वाहक-चालकांची मुलेही याच बाकांवर बसत होती. त्यांच्या घरी तर पगारच नव्हता.

एप्रिलअखेर गाड्या धावू लागल्या, बाके भरली. सर्वांना वाटले, झाले सुरळीत! पण मागच्या बाकावर एकच वाक्य ऐकू येत होते : "तो भाग झाला आहे, कुणाची तरी वही घ्या." वही उतरवता येते, तास उतरवता येत नाही. ज्याने मागणीचा नियम ऐकलाच नाही, त्याला मागणीची लवचिकता शिकवून काय उपयोग? अभ्यासक्रम पुरा झाल्याची नोंद होते, पण तो कुणाचा पुरा झाला, हे तिथे लिहिलेले नसते.

वेळ कुठून आणायचा, असे गुरुजन विचारतील. प्रश्न रास्त आहे. त्यांच्यावर विद्यापीठाच्या परीक्षेचे वेळापत्रक असते. तरीही मला तीन गोष्टी शक्य वाटतात. दीर्घ खंडानंतरचा पहिला आठवडा नवा धडा न घेता मागची उजळणी करावी. हजेरीची टक्केवारी मोजताना गैरहजेरीचे कारण विचारावे. बस नसणे आणि तास बुडवणे यांना एकाच मापाने मोजू नये. आणि जो आलाच नाही, त्याच्या घरी एखाद्या प्राध्यापकाने दोन विद्यार्थ्यांसह जाऊन यावे. राष्ट्रीय सेवा योजनेत आपण श्रमदानासाठी खेड्यात जातोच. आपल्याच वर्गमैत्रिणीच्या दारी जायला काय हरकत आहे?

विद्यार्थिमित्रांनो, आपलेही काही कर्तव्य आहे. वही देताना उपकाराची भाषा नको. चार जणांना घेऊन ग्रंथालयात तासभर बसलो, तर दोघांचाही अभ्यास होतो.

संप पुढेही होतील. कधी एसटीचा, कधी प्राध्यापकांचा, कधी आपलाही. कष्टकऱ्याच्या हातात ते एक साधन आहे आणि ते राहिले पाहिजे. पण त्याची किंमत वर्गातल्या सर्वांत दूरच्या गावच्या मुलीने एकटीने भरावी, हे न्यायाचे नाही. एसटी चुकली तर प्रवासी स्थानकात मागच्या गाडीची वाट पाहतो. चुकलेल्या तासांसाठीही महाविद्यालयाने अशी एक मागची गाडी सोडावी, आणि ती पुढच्या संपाच्या आधीच वेळापत्रकात लिहून ठेवावी.