माळ्यावरची माळ

वसुबारसेच्या संध्याकाळी घरोघरी एक ठरलेला कार्यक्रम होतो. पोटमाळ्यावरून गेल्या वर्षीचा खोका खाली येतो, त्यातून दिव्यांच्या माळांचा गुंता निघतो आणि 'बघू, लागतात का' असे म्हणत कोणीतरी पिन सॉकेटमध्ये खुपसतो. पिन मोडलेली असेल तर वायरीची उघडी टोके काडेपेटीच्या काड्यांनी दाबून बसवली जातात. माळ लागली, की परीक्षा संपली! मग ती गॅलरीच्या लोखंडी ग्रिलवर गुंडाळायची, की तुळशीच्या लग्नापर्यंत तिच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही.

हीच माळ गणेशोत्सव मंडळाने मांडवावर लावली, तर तात्पुरती वीजजोडणी घ्यावी लागते, वायरिंग परवानाधारक ठेकेदाराकडून करून घ्यावे लागते. मंडळे हे किती पाळतात हा वेगळा विषय. पण निदान नियम आहे. घरात काय? १९५६ च्या वीज नियमांपासून केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या २०१० आणि २०२३ च्या सुरक्षा नियमावलीपर्यंत एक तत्त्व कायम राहिले आहे. वायरिंगचे काम परवानाधारकानेच करावे. दिवा, पंखा, फ्यूज बदलण्यासारखी किरकोळ कामे तेवढी त्यातून वगळलेली. सॉकेटमध्ये पिन घालून लावलेली माळ व्यवहारात याच सवलतीच्या आडोशाला उभी राहते. मिक्सर किंवा इस्त्री लावावी, तशी ती लावली जाते. फरक इतकाच, की मिक्सर कोणी पावसात ग्रिलला बांधून ठेवत नाही. आणि परतीचा पाऊस अलीकडे दिवाळीचा मुहूर्त चुकवत नाही.

'एवढ्याशा दिव्यांना करंट तो किती असणार?' हा आपला आवडता युक्तिवाद. एलईडी आल्यापासून तो अधिकच पक्का झाला. पण स्वस्त माळेत डझनावारी एलईडी एकापुढे एक ओळीने जोडून सरळ २३० व्होल्टवर टाकलेले असतात. प्रत्येकाच्या वाट्याला दोन-तीन व्होल्ट येतात हे खरे. परंतु फेजच्या बाजूची तार उघडी पडली आणि तिला हात लागला, तर जमिनीवर उभ्या माणसाला मिळतो तो पूर्ण २३० व्होल्टचा झटका. दोन पिनांचा प्लग उलटा घातला, की फेजची बाजूही बदलते. शिवाय माळ मध्येच तुटली, की सगळे दिवे विझतात आणि आपल्याला वाटते, ती मेली. प्रत्यक्षात त्या तुटलेल्या जागी वीज वाट पाहत असते.

मग फ्यूज कशासाठी? तो वायरिंग वाचवण्यासाठी. पाच अँपियर म्हणजे पाच हजार मिलिअँपियर. माणसाचा जीव घ्यायला पन्नासही पुरतात. फ्यूजला त्याचा पत्ताही लागत नाही. ते काम ईएलसीबीचे. घरासाठीचा ईएलसीबी तीस मिलिअँपियर गळती होताच क्षणार्धात पुरवठा तोडतो. नवी नियमावली अगदी छोट्या जोडण्या सोडता तो घरांनाही लावायला सांगते. मात्र चाळीतल्या आणि जुन्या सोसायट्यांतल्या वायरिंगपर्यंत ही सांगी पोचवणार कोण? वीज कंपनीचे लक्ष मीटरपाशी थांबते आणि विद्युत निरीक्षक घरी येतो तो बहुधा अपघात झाल्यावर.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत विजेच्या धक्क्याने होणारे मृत्यू वर्षाला दहा हजारांच्या वर दिसतात. त्यांत शेतातले पंप असतात, लोंबत्या तारा असतात, तशी घरेही असतात.

बाजारात माळांना भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची आहे. पण पदपथावरच्या ढिगात खोक्यावरचा नोंदणी क्रमांक शोधणाऱ्या गिऱ्हाइकाकडे विक्रेता कसा पाहतो, हे एकदा करून पाहण्यासारखे आहे. घराबाहेर लावण्यासाठी वेगळी, पाण्याला दाद न देणारी माळ मिळते आणि अ‍ॅडॉप्टरवर चालणारी कमी व्होल्टेजचीही. अ‍ॅडॉप्टर मात्र घरात, कोरड्या जागी हवा. दोन्ही थोड्या महाग पडतात.

ईएलसीबी असलेल्या घरांत त्याच्यावर 'टी' लिहिलेले एक छोटे बटण असते. ते दाबले, की वीज गेली पाहिजे. न गेल्यास तो निकामी आहे. यंदा खोका खाली उतरवण्याआधी ते दाबून पाहा. घड्याळे पुन्हा लावावी लागतील, एवढाच काय तो त्रास.