डेटाबेसमधून परतलेला ऑब्जेक्ट

पायथनमध्ये एसक्यूएलअल्केमी वापरणाऱ्यांची एक तक्रार हमखास कानावर येते: ऑब्जेक्ट नवा बनवला तर सगळे चालते, डेटाबेसमधून वाचला की ‘अ‍ॅट्रिब्यूट एरर’ येतो. कारण सरळ आहे. टेबलमधली ओळ वाचताना ही लायब्ररी ‘न्यू’ मेथडने कोरा ऑब्जेक्ट घेते आणि मॅप केलेले कॉलम त्यात थेट भरते. ‘इनिट’ चालतच नाही. त्यामुळे तिथे लिहिलेली कॅश किंवा तात्पुरती यादी त्या ऑब्जेक्टवर नसते.

हे धोरण योग्यच आहे, असे आमचे मत. नवे बिल तयार होताना इनिट त्याला क्रमांक देते, तारीख घालते. तीन वर्षांपूर्वीचे बिल उघडताना हे पुन्हा घडले तर हिशेबाचे काय होईल?

उपायही लायब्ररीतच आहे. ‘रीकन्स्ट्रक्टर’ डेकोरेटर लावलेली मेथड ऑब्जेक्ट लोड झाल्यावर आर्ग्युमेंटशिवाय चालते. जावात जेपीएचे ‘पोस्टलोड’ साधारण हेच करते. जँगोत मात्र लोड करतानाही इनिट चालते, त्यामुळे तिथली सवय घेऊन इकडे येणारा फसतो.

एरर दिसला तर निदान दुरुस्त करता येतो. आम्हाला जास्त काळजी वाटते ती गुपचूप चुकणाऱ्या मूल्यांची. कमिटनंतर सेशन मॅप केलेली मूल्ये बाद करते आणि पुढच्या वाचनाला ताजी आणते. हेच तिचे मूळ सेटिंग आहे. तुमच्या स्वतःच्या अ‍ॅट्रिब्यूटला ती हात लावत नाही आणि रीकन्स्ट्रक्टरही तेव्हा चालत नाही. दुसऱ्या प्रोसेसने बिलाची रक्कम बदलली, तरी तुम्ही साठवलेला कर जुनाच राहतो. त्यासाठी ‘रिफ्रेश’ इव्हेंट वेगळा हाताळावा लागतो. शिवाय न बदललेला ऑब्जेक्ट सेशन फक्त वीक रेफरन्सने धरते. मॅप न केलेल्या अ‍ॅट्रिब्यूटमध्ये एखादा फ्लॅग ठेवला, तर सेशन त्याला बदल मानत नाही. तो ऑब्जेक्ट दुसऱ्या कोणी धरून ठेवला नसेल, तर फ्लॅगही त्याच्याबरोबर जातो.

कॉलमवरून काढता येणारे मूल्य साध्या प्रॉपर्टीत मोजावे. मोजणी खरोखर महाग असेल तरच ते साठवावे, आणि मग लोड व रिफ्रेश दोन्ही सांभाळावेत. जे पुन्हा काढता येत नाही आणि गमावणे परवडत नाही, त्याला कॉलमच द्यावा.

वाचकांना एक विनंती. या महिन्यात प्रत्येक महत्त्वाच्या मॉडेलसाठी एक टेस्ट लिहा: ऑब्जेक्ट सेव्ह करा, कमिट करा, सेशन बंद करा, नव्या सेशनमध्ये तोच ऑब्जेक्ट वाचा आणि त्याच्या सगळ्या मेथड्स चालवून पाहा.