पोळी-भाजी पुढे, हॉटेल मागे

दिवाळीच्या अंकात भांडण आणू नये, असा एक संकेत आहे. पुढ्यात फराळाचे ताट असताना कोणी महानगरपालिकेचे नाव काढले, तर कुरकुरीत चकलीसुद्धा मऊ पडते. तरीही वाचकांची क्षमा मागून मी आमच्या वसाहतीतले एक भांडण येथे मांडणार आहे. कारण ते आमच्यापुरते राहिलेले नाही. ज्या ज्या शहरात झाडांच्या सावलीचा, बऱ्यापैकी रुंद आणि राहत्या घरांचा रस्ता शिल्लक आहे, तेथे तेथे ते आज ना उद्या दाराशी येणार आहे.

भांडण असे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. ज्यांची घरे गेली त्यांच्यासाठी पुढे वसाहती उभ्या राहिल्या. सहकारनगर, गोखलेनगर ही त्यांतली सर्वांच्या ओळखीची नावे. अशाच एका वसाहतीत माझा जन्म झाला. आजोबांनी नदीकाठची बिऱ्हाडाची खोली पुराला दिली आणि येथे येऊन पुन्हा चूल मांडली. बैठी घरे, पुढे हातभर अंगण, कुंपणाशी एखादे पेरूचे झाड, असा हा संसार. आता आमच्या मधल्या रस्त्यावरच्या काही घरमालकांनी अर्ज केला आहे की, हा रस्ता निवासी विभागातून काढून वाणिज्य वापरासाठी मोकळा करावा. त्या रस्त्यावरच्या एका बंगल्यात तीन वर्षांपासून हॉटेल चालू आहे आणि दुसऱ्यात कपड्यांचे दालन. कागदावर मात्र दोन्ही अजून राहती घरेच आहेत.

अर्जदारांचा पहिला मुद्दा असा, की व्यापार तर येऊन बसलाच आहे, मग तो कायदेशीर करून टाकावा. मी शाळेत चित्रकला शिकवतो. वर्गात एखादा दांडगा मुलगा दुसऱ्याच्या बाकावर जाऊन बसला आणि तीन दिवसांनी म्हणू लागला, "सर, आता मी येथे बसतोच आहे, तर हजेरीपटात ही जागा माझ्या नावे करा," तर मी काय करावे? आणि मी तशी नोंद केली, तर चौथ्या दिवशी वर्गात कोण कोठे बसेल? नियम मोडणाऱ्याला शिक्षा झाली नाही एवढ्यावर हे थांबत नाही. ज्याने इतकी वर्षे नियम पाळला, खालची खोली दुकानाला दिली नाही आणि पेन्शनीत भागवले, तो या हिशेबात मूर्ख ठरतो.

दुसरा मुद्दा हळवा आहे आणि म्हणून अधिक घातक. "मास्तर, तुम्ही गरिबाच्या पोटावर पाय देता. त्या कोपऱ्यावरच्या काकू पोळी-भाजीचे डबे करतात. त्यांचे काय?" सभेत हा प्रश्न आला की आमच्या बाजूच्या माना खाली जातात. पण काकूंना पुढे करून मागून कोण येत आहे, हे कोणी पाहावे की नाही? डॉक्टरचा दवाखाना, वकिलाची बैठक, घरातल्या घरात चालणारा लहान उद्योग, यांना निवासी विभागात आधीच जागा ठेवलेली आहे. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई वगळता बहुतेक राज्याला लागू झालेली एकत्रित विकास नियमावली उघडून पाहावी. काकूंच्या डब्यांसाठी रस्त्याचा विभाग बदलण्याची गरज नाही. गरज आहे ती हॉटेलाला. आणि तो एकदा बदलला की काकूंच्या दोन खोल्यांचे भाडे पोळ्यांच्या हिशेबाने ठरणार नाही, हॉटेलाच्या हिशेबाने ठरेल. मग सगळ्यांत आधी बिऱ्हाड उचलावे लागेल ते काकूंनाच. त्यांच्यामागून चपलांना टाके घालणारा जाईल, मग इस्त्रीवाला, मग उधारीवर साखर देणारा वाणी. ज्यांच्या नावाने हा अर्ज लढवला जात आहे, त्यांचीच गच्छंती या अर्जात लिहिलेली आहे.

तिसरा मुद्दा इतिहासाचा. पुण्याच्या पेठांत खाली दुकान आणि वर घर हे पिढ्यान् पिढ्या चाललेच होते, मग आत्ताच सोवळे कशाला? मुद्दा खरा आहे, पण अर्धा. त्या दुकानाचा मालक दुकानाच्या वरच झोपत असे. रात्री गोंगाट झाला तर त्याचीच झोप मोडे. गटार तुंबले तर वास त्याच्याच माजघरात येई. दुकान आणि शेजार यांच्यामध्ये लाजेचा एक धागा होता. आज जे येत आहे त्याचा मालक दुसऱ्या उपनगरात राहतो, व्यवस्थापक तिसऱ्या आणि रात्री बारा वाजता भांडी घासणारा पोऱ्या पत्र्याच्या आडोशाला. तक्रार करायची कोणाकडे? आणि अर्जावर सह्या करणाऱ्यांपैकी पुष्कळ जण आता या रस्त्यावर राहतही नाहीत. त्यांनी आपल्यासाठी शांत वसाहत आधीच शोधून ठेवली आहे. शांततेची किंमत त्यांना कळते हे उघड आहे. ती दुसऱ्याने मोजावी एवढेच त्यांचे म्हणणे.

या वाटेने दिल्ली आमच्या आधी जाऊन आली. तेथे राहत्या भागांत वर्षानुवर्षे दुकाने वाढू दिली आणि सगळ्यांनी डोळे मिटून घेतले. शेवटी १६ फेब्रुवारी २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती बंद करण्याचा आदेश दिला आणि दुकानांना टाळी लागू लागली. बंद झाले, मोर्चे निघाले, त्याच वर्षी सीलमपूरला गोळीबारात माणसे मेली. मग सरकारने घाईघाईने दोन हजारांहून अधिक रस्ते दुकानांना मोकळे केले आणि फेब्रुवारी २००७ मध्ये नवा बृहत् आराखडा आणला. तरीही २०१७ च्या अखेरीस टाळी पुन्हा निघालीच. नियम वेळेवर पाळला नाही आणि वेळेवर प्रामाणिकपणे बदललाही नाही, म्हणून रहिवाशाची झोप गेली आणि लहान दुकानदाराची भाकरीही गेली. आमच्या अर्जदारांना हे उदाहरण सांगितले तर ते म्हणतात, दिल्ली वेगळी. माणसे मात्र सारखीच असतात.

महानगरपालिकेलाही यात गोडी आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. घरापेक्षा दुकानाचा मिळकत कर जास्त. तिजोरीत भर पडणार म्हणून साहेब लोक खूश. पण जलवाहिनी घातली ती घरांच्या हिशेबाने, ड्रेनेज टाकले ते घरांच्या हिशेबाने, आणि रस्ता ठेवला तो सायकलींच्या जमान्यात. त्यांवर हॉटेलाची पिंपे आणि गिऱ्हाइकांच्या मोटारी कोणत्या गणिताने मावणार, ते कोणी मांडून दाखवलेले नाही. वाढलेला कर तिजोरीत जाईल आणि तुंबलेले पाणी आमच्या न्हाणीघरात येईल.

सभेत एक गृहस्थ मला म्हणाले, "मास्तर, तुम्ही मॅट्रिक झालेले, कादंबऱ्या लिहिता. व्यवहार आमच्यावर सोपवा." ठीक आहे. पण कादंबरीतसुद्धा एखाद्या पात्राला घराबाहेर काढायचे तर लेखकाला कारण द्यावे लागते, नाही तर वाचक पुस्तक मिटून ठेवतो. येथे पाऊणशे घरांचे भवितव्य बदलायचे आणि कारण म्हणून नुसते "विकास" असे लिहायचे, हे मॅट्रिकवाल्यालासुद्धा पटत नाही.

आणि मॅट्रिकवाल्याला वाचता येईल एवढे कायद्यात स्पष्ट आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ सालचा. त्याच्या ३७ व्या कलमाखाली मंजूर आराखड्यात फेरबदल करता येतो, पण आराखड्याचे मूळ स्वरूप बदलणार नाही एवढाच. त्यासाठी राजपत्रात सूचना द्यावी लागते, एक महिन्याच्या आत कोणालाही हरकत घेता येते आणि ज्यांना झळ पोचणार त्यांना नोटीस देऊन त्यांचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते. कायद्यात "कोणालाही" आहे, "घरमालकालाच" असे नाही. पण राजपत्र वाचतो कोण? महिना सरतो, मुदत संपते आणि मग आपण कट्ट्यावर बसून हळहळतो. २०१३ साली जुन्या पुण्याच्या विकास आराखड्यावर ऐंशी हजारांहून अधिक हरकती-सूचना गेल्या होत्या. म्हणजे पुणेकराला अर्ज लिहिता येतो. फक्त त्याला वेळेवर कळले पाहिजे.

म्हणून आमचे मागणे थोडके आहे. बेकायदा चाललेले हॉटेल आणि दालन आधी बंद करा, चर्चा नंतर. सूचना मराठीत छापून प्रत्येक दारावर लावा, भाडेकरूच्याही. सुनावणी वसाहतीतच घ्या आणि ती संध्याकाळी घ्या, म्हणजे नोकरदार माणसाला येता येईल. पाणी, ड्रेनेज आणि वाहने यांचा हिशेब त्या सभेत फळ्यावर मांडा. एवढे करूनही वसाहतीने कौल दिला, तर मी माझी हरकत मागे घेईन आणि पहिला चहा त्या हॉटेलात पिईन.

तोवर एक विनंती. या चार दिवसांत आपण फराळाचे ताट घेऊन शेजारी जालच. अंगणात पोरांनी किल्ला केला असेल, त्याचे कौतुक करा. मग बसल्या बसल्या शेजाऱ्याला विचारा, आपला रस्ता आराखड्यात कोणत्या विभागात दाखवला आहे? त्याला ठाऊक नसेल, तर दिवाळीची सुटी संपल्यावर दोघे मिळून पालिकेच्या कचेरीत जा आणि नकाशा पाहून या. जाताना कोऱ्या कागदाचे चार ताव बरोबर असू द्या. हरकतीच्या अर्जाला एवढेच साहित्य लागते.